जुन्या चांदीच्या भांड्यावरील नक्षीचा माग कसा काढावा

घरच्या वाटणीत, आजोळच्या कपाटात किंवा सराफाकडच्या मोडीच्या ढिगात कधीकधी चांदीची अशी एखादी वस्तू हाती येते की, जी आपल्या तांब्या-फुलपात्राच्या आणि पळी-पंचपात्राच्या घराण्यातली वाटत नाही. आकार इंग्रजी चहाच्या सेटमधल्या दुधाच्या भांड्याचा असतो, पण अंगावर कमानी-कमानींतून देव उभे असतात. किंवा साधा चमचा असतो, पण त्याच्या दांड्यावरची वेलबुट्टी कुठल्याही दुकानात पाहिलेली नसते. ही वस्तू कुठे घडली, केव्हा घडली आणि कोणी घडवली, हे शोधू पाहणाऱ्या नवख्या वाचकासाठी हा लेख आहे. मी स्वतः अशाच एका दुधाच्या भांड्याचा माग काढला आहे. ते 'मद्रासचे' आहे, एवढीच माहिती आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. खाली जागोजागी त्याच भांड्याचे उदाहरण घेतले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नवखा माणूस नक्षीपासून सुरुवात करतो, चित्रे जुळवत बसतो आणि तिथेच फसतो. नक्षी हा पुराव्यांमधला सर्वांत कमकुवत पुरावा आहे. चांगली खपणारी नक्षी दुसऱ्या गावचा कारागीर उचलत असे, कारागीर स्वतःच कामाच्या शोधात गाव बदलत असे आणि मोठ्या शहरातला दुकानदार तिसऱ्याच गावचे काम आपल्या नावाने विकत असे. म्हणून धातू, छाप, वजन आणि घडण एवढे सगळे पाहून झाल्यावरच नक्षीकडे वळावे, असा क्रम मी येथे ठेवला आहे. तो क्रम शक्यतो मोडू नका.

जवळ काय असावे

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक वजन देणारा काटा, व्हर्निअर किंवा निदान बारीक खुणांची पट्टी, बाजूने प्रकाश टाकता येईल असा छोटा दिवा, मऊ सुती कापड, मेणबत्ती, पारदर्शक चिकटपट्टी आणि पांढरा कागद एवढे साहित्य पुरते. कागदपत्रांपैकी जुनी वाटणीपत्रे, सराफाच्या पावत्या, विम्याच्या याद्या, रुखवताच्या किंवा लग्नातल्या अहेराच्या याद्या आणि ज्यांत ते भांडे दिसते असे जुने घरगुती फोटो एका ठिकाणी गोळा करा. अहेराची यादी क्षुल्लक वाटते. पण 'चांदीचा चहाचा सेट, नग ३' एवढी एक ओळ सापडली, तरी ती वस्तू त्या तारखेला घरात होती हे सिद्ध होते.

१. भांडे घासू नका

पहिला मोह चिंच, रिठा किंवा दंतमंजन लावून भांडे चकचकीत करण्याचा होतो. तो टाळा. नक्षीच्या खोलगट भागांत बसलेला काळा थर कामाची खोली दाखवतो, आणि पुसट छाप वाचतानाही तोच थर उपयोगी पडतो. अॅल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भांडे बुडवण्याचा उपाय हल्ली फार सांगितला जातो. त्याने हा थर कानाकोपऱ्यांतून सरसकट निघून जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. धूळ मऊ कापडाने टिपा, हाताचे डाग कोमट पाण्याने काढा आणि लगेच कोरडे करा. त्यानंतर चारही बाजू, तळ, आतला भाग, कड्याचे सांधे आणि झाकणाची आतली बाजू यांचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा, म्हणजे माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागत नाही.

२. चांदीच आहे ना, हे ठरवा

आपल्याकडे 'जर्मन सिल्व्हर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातूत चांदी अजिबात नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर याच धातूवर चांदीचे पाणी चढवलेली भांडी आणि चमचे इंग्लंडातून इकडे फार मोठ्या प्रमाणावर आले. रंगावरून हा फरक कळत नाही. कड, चमच्याचे टोक, कड्याचा अंगठा टेकतो तो भाग अशा घासट लागणाऱ्या जागा भिंगाखाली पाहा. तिथे खालचा पिवळसर किंवा राखाडी धातू डोकावत असेल, तर वस्तू मुलाम्याची आहे.

पोकळी नसलेल्या वस्तूंसाठी घरच्या घरी करता येण्याजोगी चांगली परीक्षा म्हणजे घनतेची. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याने बांधून, तळाला आणि बाजूंना न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवा. काटा जेवढे ग्रॅम दाखवील, तेवढे घन सेंटीमीटर त्या वस्तूचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९, ९२५ कसाच्या (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या) स्टर्लिंग चांदीची साधारण १०.३६, तर जर्मन सिल्व्हरची ८.७ च्या आसपास असते. एक चमचा फार हलका असल्यामुळे चूक मोठी होते, म्हणून सहाही चमचे एकत्र बांधा. १४० ग्रॅमचे चमचे स्टर्लिंगचे असतील तर काटा सुमारे १३.५ दाखवील, जर्मन सिल्व्हरचे असतील तर १६ च्या वर जाईल. सुऱ्यांच्या मुठी आणि काही भांड्यांची कडी पोकळ किंवा राळेने भरलेली असतात. त्यांना ही परीक्षा लागू पडत नाही.

सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रावर एक्सआरएफ या क्ष-किरणांच्या यंत्राने कस पाहता येतो आणि त्यात वस्तूला ओरखडा पडत नाही. मात्र हे यंत्र पृष्ठभागच वाचते. मुलामा जाड असेल, तर आतल्या जर्मन सिल्व्हरचा त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून घासट लागलेल्या जागेवरही एक वाचन घ्यायला सांगा. कानस मारून किंवा कसोटीवर घासून पाहू द्यायचे असेल, तर छाप आणि नक्षी यांपासून दूरची जागा तुम्ही स्वतः दाखवा. मोडीच्या भावाने वस्तू घेणाऱ्याला नक्षीशी कर्तव्य नसते, हे ध्यानात ठेवावे.

३. तळ वाचा

आता भांडे उलटे करा. छाप बहुधा तळाला, कड्याजवळ, झाकणाच्या आत किंवा चमच्याच्या दांड्यामागे असतात. दिवा एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरला की अक्षरे उठून दिसतात. तरीही छाप पुसट वाटला, तर मेणबत्तीच्या काजळीचा पातळ थर त्यावर धरा, चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. छाप सुलट उमटतो आणि भिंगाने सावकाश वाचता येतो. आधी भांडे थंड होऊ द्या, आणि जिथे सांधा लाखेने भरला आहे तिथे ज्योत नेऊ नका.

ब्रिटिश छाप असतील, तर तुमचे काम बरेच सोपे झाले. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. बिबट्याचे तोंड लंडनचे (१८२१ पर्यंत त्याच्या डोक्यावर मुकुट असे), जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट १९७४ पर्यंत शेफील्डचा आणि किल्ला एडिंबरोचा. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही उमटवले जाई. याशिवाय एक अक्षर सालाचे आणि एक छाप कारागिराच्या किंवा पेढीच्या आद्याक्षरांचा. सालाचे अक्षर वाचताना केवळ अक्षर पाहू नका. त्याची लिपीची धाटणी आणि भोवतीच्या चौकटीचा आकार हेही जुळले पाहिजेत, कारण तेच अक्षर दर फेऱ्यात पुन्हा येते आणि प्रत्येक शहराचे कोष्टक निराळे आहे.

या टप्प्यावर नेहमी आढळणारे चकवे असे:

मुलाम्याच्या वस्तूंवर ढालीच्या आकारात एकेक अक्षर अशा रीतीने मारलेले असते की, लांबून तो चांदीचाच छाप वाटावा. 'ई, पी, एन, एस' ही अक्षरे सुटी सुटी दिसली, तर ती निकेलवरचा मुलामा सांगतात. 'ए-वन' हा मुलाम्याचा दर्जा आहे, कस नव्हे.

सिंह आणि नांगर एकत्र दिसले की लोक बर्मिंगहॅम म्हणून मोकळे होतात. त्यांच्या जोडीला गॉथिक वळणाचे 'जी' अक्षर असेल, तर वस्तू अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स येथील गोऱ्हम कंपनीची आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या वाचकांना तिथल्या जुन्या सामानाच्या विक्रीत हा छाप पुष्कळ वेळा भेटेल.

अंडाकृती चौकटीतले 'एफ' हे अक्षर ब्रिटनमध्ये १८६७ पासून परदेशी बनावटीच्या चांदीवर मारले जाई. अशा वस्तूवरचे ब्रिटिश छाप ती तिकडे केव्हा तपासली गेली ते सांगतात; ती कुठे आणि केव्हा घडली, ते सांगत नाहीत.

आता आपल्याकडचा मुख्य प्रश्न. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात चांदीचा कस तपासून छाप मारणारी सरकारी कचेरीच नव्हती. चांदीसाठी भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झाले. त्यामुळे जुन्या हिंदी चांदीवर जे काही असेल, ते पेढीने स्वतःहून मारलेले असते. भुजच्या उमरशी मावजी यांच्या कामावर 'ओ एम' ही अक्षरे, काही ठिकाणी खाली 'भुज' असे गावाचे नावही इंग्रजीत सापडते. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सचे नाव किंवा त्याचा संक्षेप दिसतो. कलकत्त्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीसारख्या युरोपीय पेढ्या आपल्या नावाबरोबर हत्ती, एखादे अक्षर अशा खुणा ब्रिटिश छापांच्या धर्तीवर मारत. त्या अक्षराला लंडनचे कोष्टक लावून साल काढणे निरर्थक आहे. आणि ज्या छापामागे कचेरी नाही, तो छाप नंतर कोणालाही मारता येतो. 'ओ एम' अक्षरे असलेल्या वस्तूला बाजारात चांगली किंमत येते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

बऱ्याच वस्तूंवर छापच नसतो. त्याने निराश होऊ नका. अशा वेळी तळावरचे बारीक ओरखडे वाचायला घ्या.

४. वजन तोळ्यांत मांडून पाहा

ही पायरी इंग्रजी मार्गदर्शिकांत बहुधा नसते, आणि आपल्याकडच्या वस्तूंसाठी मला ती सर्वांत मोलाची वाटते. ब्रिटिश हिंदी रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. गिऱ्हाईक रुपये मोजून द्यायचे, सोनार तेच आटवून भांडे घडवायचा आणि घडणावळ वेगळी घ्यायचा, अशी रीत सर्रास होती. त्यामुळे एक्सआरएफने ९१-९२ टक्क्यांच्या आसपास कस दाखवला, तर रुपये आटवल्याची शक्यता मनात ठेवावी. वजनाला ११.६६ ने भागून पूर्ण किंवा अर्धा-पाव तोळ्याचा आकडा येतो का पाहा, ३१.१ ने भागून इंग्रजी ट्रॉय औंसांत सुबक आकडा येतो का, तेही पाहा. झिजेमुळे आजचे वजन मुळापेक्षा किंचित कमी भरेल.

आमच्या दुधाच्या भांड्यावर एकही छाप नाही. पण तळकड्याच्या आतल्या बाजूला, सुईच्या टोकाने ओढल्यासारख्या रेघांत '२०॥' असे लिहिलेले आहे. जुन्या हिशेबी पद्धतीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, म्हणजे साडेवीस. साडेवीस तोळ्यांचे २३९ ग्रॅम होतात आणि भांडे आज २३७ ग्रॅम भरते. तो आकडा वजनाचाच आहे, यात शंका उरली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो लिहिणारा हात नागरी वळणाचे आकडे आणि या रेघा वापरणारा होता. मद्रासच्या युरोपीय पेढीतल्या हिशेबनिसाचा हा हात वाटत नाही. पश्चिम हिंदुस्थानातल्या सोनाराचा वाटतो. मात्र गुजराती लिहिणाराही दोन आणि शून्य जवळजवळ असेच काढतो आणि पाव-अर्ध्याच्या रेघाही तशाच वापरतो. त्यामुळे एवढ्यावरून कच्छ की पुणे, हा निवाडा होत नाही.

भांड्यावर टिंबाटिंबांनी घातलेले नाव, मोडीतली अक्षरे किंवा साल असेल, तर तेही याच वेळी उतरवून घ्या. येथे मोठा धोका सालाचा आहे. '१८१०' असे कोरलेले दिसले आणि ते इसवी सन समजले, तर भांडे ७८ वर्षांनी म्हातारे होते. शके १८१० म्हणजे इसवी सन १८८८-८९. कच्छ-गुजरातकडचे काम असेल, तर विक्रम संवत असू शकते. तिथे ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. शिवाय नाव घालणारा आणि भांडे घडवणारा एकच असतो, असे नाही. नावाच्या कडा धारदार आणि भोवतीची नक्षी मात्र झिजलेली असेल, तर नाव मागाहून घातलेले आहे.

५. घडण तपासा

भांडे हाताने उठवले आहे, की यंत्रावर, ते आतून कळते. आत एकाच केंद्राभोवती बारीक गोल रेघा दिसल्या, तर पत्रा फिरत्या साच्यावर दाबून आकार दिलेला असतो. अनियमित ठोक्यांचे ठसे दिसले, तर हातोड्याचे काम. उठावाच्या नक्षीत बाहेरच्या प्रत्येक फुगवट्याच्या मागे आत खळगा असला पाहिजे. आतली बाजू सपाट असेल, तर एकतर नक्षी ओतून डागलेली आहे किंवा भांड्याला आतून दुसरा पत्रा बसवला आहे.

पुढची तपासणी व्हर्निअरची. नक्षीत एकच आकृती वारंवार येत असेल, तर तिची उंची आणि रुंदी चार-पाच ठिकाणी मोजा. मापे हुबेहूब जुळली, एखादा दोषही प्रत्येक आकृतीत त्याच जागी सापडला, तर ठसा वापरलेला आहे. आमच्या भांड्यावर आठ कमानी आहेत. प्रत्येकीची रुंदी थोडी वेगळी आहे आणि शेवटची कमान उरलेल्या जागेत बसवण्यासाठी उघड उघड चेपलेली आहे. तिच्यातल्या देवाची कोपरे अंगाशी घेतलेली आहेत. हे काम हाताचे, आणि बहुधा आधी आखणी न करता एका बाजूने सुरू केलेले.

चहाच्या किटलीच्या कड्यात उष्णता अडवण्यासाठी पांढऱ्या चकत्या घातलेल्या असतात. त्या हस्तिदंताच्या असू शकतात. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा अशी वस्तू विकण्याचा विचार असेल तर आधी कायदेशीर सल्ला घ्या.

६. आता नक्षी

एवढे झाल्यावर नक्षी पाहायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय गिऱ्हाइकांसाठी घडलेल्या हिंदी चांदीत काही ठळक घराणी मानली जातात. कच्छची नक्षी म्हणजे जागा रिकामी न सोडणारी, वळणावळणाने फिरणारी दाट पानवेल. तिच्यात मधूनच हरीण, वाघ, पक्षी, शिकारीचा प्रसंग. कड्याला नाग असणे हेही या कामात आढळते. मद्रासकडे देवतांच्या मूर्ती असलेली 'स्वामी' पद्धत प्रसिद्ध झाली आणि माउंट रोडवरील पी. ऑर अँड सन्सने ती साहेबांच्या टेबलापर्यंत नेली. कलकत्त्याजवळच्या भवानीपूरच्या कामात खेड्यातले जीवन दिसते: बैलगाडी, झोपडी, नारळीची झाडे. लखनौकडे ताडांच्या झाडीत शिकारीचे देखावे; काश्मीरकडे शालीवरची कोयरी, कोथिंबिरीसारखी बारीक पाने आणि चिनार. ब्रह्मदेशातल्या वाडग्यांवर खूप उंच उठावाच्या मानवाकृती असतात, आणि ते वाडगे हिंदुस्थानातही पुष्कळ आले.

पुण्याचे नाव या यादीत पुष्कळांना ठाऊक नसते. लष्कराचा तळ आणि पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम यांमुळे येथे युरोपीय गिऱ्हाईक होते, आणि खोल उठावात कमानींतून देवता दाखवणारे काम येथेही होत असे. हिराप्पा बुचेना या पुण्याच्या कारागिराचे नाव या संदर्भात संग्रहालयांच्या नोंदींत सापडते. देव दिसले की मद्रास, हा बाजारातला सरधोपट न्याय आहे, आणि त्यामुळे पुण्याच्या कितीतरी वस्तू मद्रासच्या नावावर विकल्या गेल्या असतील, असे मला वाटते. याच्या उलट बाजूचा धोका आपल्या मराठी डोळ्याला आहे: दशावतार ओळखीचे वाटतात म्हणून ते पुण्याचेच, असे म्हणून चालत नाही. दशावतार सर्वत्र आहेत.

नक्षी जुळवताना मुख्य आकृतीपेक्षा दुय्यम गोष्टींकडे पाहा. कमानीचा खांब कसा आहे, दोन कमानींमधली तिकोनी जागा कशाने भरली आहे, पार्श्वभूमीवर टिंबे मारली आहेत की रेघा, तळाच्या पट्टीत कोणते पान आहे. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे देव बदलत. पट्टी आणि पार्श्वभूमी मात्र हाताच्या सवयीने येते आणि ती त्या कारखान्याची ओळख ठरू शकते. आमच्या भांड्याबाबत मी जुळवाजुळव केली ती या पट्टीची, देवांची नव्हे.

७. चमचे आणि काटे यांचा हिशेब निराळा

चमच्यांच्या बाबतीत नक्षीला नाव असते, आणि बहुतेक प्रचलित नावे कोणा एका कारागिराची नाहीत. फिडल, ओल्ड इंग्लिश, किंग्ज, क्वीन्स हे नमुने शेकडो पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढले. नाव कळल्याने मूळ कळत नाही. नमुना अनोळखी असेल, तर त्याची नोंदणी झाली होती का, ते पाहा. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नमुन्यांवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण असे. तिच्या वरच्या वर्तुळात रोमन एकचा आकडा म्हणजे धातूचा वर्ग. १८६७ पर्यंत सालाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजवीकडे. १८८४ पासून 'आर डी' या अक्षरांपुढे सरळ क्रमांक येतो. या नोंदवह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतून नमुना कोणी नोंदवला ते मिळते. नोंदणीचे साल म्हणजे चमच्याचे साल नव्हे. तोच नमुना पुढे कितीही वर्षे निघत राहतो. अमेरिकन चमच्यांवर पेटंटची तारीख असेल, तर तिथल्या पेटंट कार्यालयाच्या जुन्या नोंदी रेखाचित्रांसह फुकट पाहता येतात.

दांड्यावरची आद्याक्षरेही तपासा. ती कुटुंबाची असतील असे नाही, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे, पलटणीचे भोजनगृह, बोट कंपनी किंवा क्लब यांचीही असतात. 'आर्मी अँड नेव्ही' असे नाव असेल, तर तो विक्रेता आहे. मुंबईत काळा घोड्याजवळची त्यांची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते.

८. कागद शोधा

येथवर तुमच्याजवळ एक अंदाज तयार झालेला असेल. आता त्याला कागदाचा आधार शोधा. पेढीचे नाव मिळाले असेल, तर मुंबईच्या जुन्या वार्षिक डिरेक्टऱ्या आणि थॅकरची इंडियन डिरेक्टरी पाहा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आणि कोणत्या पत्त्यावर ती पेढी होती, ते यांतून निघते. पत्ता बदलल्याचे साल छापाचा काळ ठरवायला फार उपयोगी पडते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि महाराष्ट्र राज्य अभिलेखागार या दोन जागा यासाठी महत्त्वाच्या आहेत. सोसायटीचा बराच संग्रह 'ग्रंथसंजीवनी' या संकेतस्थळावर चाळता येतो.

कारागिरांसाठी मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर पाहा: कच्छ पाचव्या खंडात, पुणे १८८५ च्या अठराव्या खंडात. प्रदर्शनांच्या याद्या याहून फलदायी असतात, कारण त्यांत पारितोषिके मिळवणाऱ्यांची नावे येतात. कलकत्त्याचे १८८३-८४ चे, लंडनचे १८८६ चे, पुण्याचे १८८८ चे आणि दिल्लीचे १९०२-०३ चे प्रदर्शन यांपासून सुरुवात करा. शोधताना इंग्रजी वर्णलेखन एकच असेल, असे धरू नका. उमरशी, ऊमरसी, ओमरसी. मावजी, मौजी अशा सर्व तऱ्हा लावून पाहा, आणि आडनाव न सापडल्यास नुसते गाव आणि धंदा यांवरून शोधा.

प्रत्यक्ष वस्तू पाहण्याला पर्याय नाही. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय औद्योगिक कलांसाठीच उभे राहिले आणि १८७२ मध्ये लोकांना खुले झाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि घोले रस्त्यावरचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय, भुजचे कच्छ संग्रहालय हीही पाहावीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा आणि ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहाचा शोध घरबसल्या घेता येतो. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सना मिळालेल्या भेटवस्तूंपैकी बऱ्याच तिथे फोटोंसह आहेत आणि त्यांचे साल पक्के आहे. लिलाव कंपन्यांच्या जुन्या याद्याही पाहा. मात्र 'बहुधा पुणे' असे एका यादीत छापले गेले की पुढच्या यादीत 'बहुधा' गळून पडते, हे लक्षात असू द्या. तीन याद्या एकमेकींची नक्कल असतील, तर तो एकच पुरावा आहे.

९. जाणकाराला विचारताना

संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्र लिहिताना 'हे काय आहे?' असा मोघम प्रश्न विचारू नका. वजन, मापे, कस, छापाचा आणि तळाचा फोटो, घरातला इतिहास आणि तुमचा अंदाज कारणांसह एका पानात द्या, आणि एकच नेमका प्रश्न विचारा. किंमत विचारू नका. संग्रहालये ती सांगत नाहीत. विकत घेण्याची इच्छा असलेल्या व्यापाऱ्याचे मत ऐकून घ्यावे, पण त्यावर निष्कर्ष उभारू नये.

१०. नोंद लिहा आणि कायदा पाहा

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक विधानासमोर त्याचा आधार लिहा, आणि छापावरून, कागदावरून, घडणीवरून की नुसत्या शैलीवरून, हे वेगळे ठेवा. आमच्या भांड्याची नोंद अशी आहे: 'दुधाचे भांडे, चांदी, २३७ ग्रॅम, छाप नाही. हाताचे उठावकाम. पश्चिम हिंदुस्थान (तळावरील वजनाच्या आकड्यावरून). बहुधा पुणे, एकोणिसाव्या शतकाचा शेवट (तळाच्या पट्टीच्या व कमानींच्या शैलीवरून). घरात "मद्रासचे" म्हणून प्रसिद्ध. त्यास आधार मिळाला नाही.' कारागिराचे नाव त्यात नाही, कारण ते मिळालेले नाही.

वस्तू परदेशी न्यायची असेल, तर १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा ध्यानात घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती वडिलोपार्जित का असेना. वस्तू तेवढी जुनी नसेल, पण दिसायला जुनी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. अर्जासोबत फोटो आणि वर्णन द्यावे लागते, आणि प्रवासाच्या तारखेच्या बऱ्याच आधी अर्ज करणे श्रेयस्कर, कारण तज्ज्ञांच्या समितीपुढे वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते.